पेंडीतले अदृश्य विष : कृष्णाकाठची शेंग, पेंड आणि दूध

१/
१९६० सालचा इंग्लंडमधील उन्हाळा. देशाच्या दक्षिण व पूर्व भागांतील टर्कीपालकांच्या खुराड्यांत अवघ्या काही आठवड्यांची पिल्ले मरू लागली. पिल्ले खाणे सोडीत, पंख गाळून बसत आणि पाय ताठ करून, मान पाठीकडे ओढलेल्या अवस्थेत प्राण सोडीत. काही महिन्यांत लाखाहून अधिक पिल्ले दगावली. शवविच्छेदनात यकृत रक्ताळलेले आढळे. परंतु रोगजंतू काही सापडेना. नाव काय द्यावे हेही ठरेना, म्हणून या रोगाला ‘टर्की एक्स’ म्हटले गेले. या घटनेचा सातारा-सांगलीच्या गोठ्यांशी जो संबंध आहे, त्याचा हा धागा.

२/
शोध घेणाऱ्यांना एक गोष्ट समान आढळली. मेलेल्या पिल्लांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड मिसळलेली होती. ती बदकांच्या पिल्लांना खाऊ घातली, तेव्हा तीही मेली. पेंड दिसायला चांगली होती, प्रथिनांनी भरलेली होती. पुढे आफ्रिकेतील देशांच्या आणि भारताच्या पेंडीतही तेच विष आढळले. प्रश्न एका जहाजातील मालापुरता उरला नाही. उष्ण प्रदेशात जेथे जेथे भुईमूग पिकतो आणि त्याची पेंड जनावरांपुढे ठेवली जाते, अशा प्रत्येक ठिकाणचा तो प्रश्न झाला. कृष्णा आणि वारणेचे खोरे हे असेच एक ठिकाण.

३/
आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत. परंतु या कथेत त्यांना एकत्रच पाहावे लागते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. पश्चिमेस महाबळेश्वरचा धुवाधार पाऊस, मध्ये कृष्णाकाठची काळी जमीन, पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख. एकाच वर्षी एका टोकाला वैरण भिजून कुजते आणि दुसऱ्या टोकाला उभे पीक वाळते. बुरशीच्या विषाला या दोन्ही परिस्थिती मानवतात. त्याचे कारण पुढे येईल.

४/
जुन्या काळी जनावराचा आहार शिवाराच्या बाहेरून क्वचितच येई. ज्वारीचा कडबा, बांधावरचे गवत, कडधान्यांचा भुसा, सरकी आणि घाण्यावरची पेंड एवढाच तो पसारा. कडब्याच्या पेंढ्या उन्हात वाळवून, जमिनीपासून उंच रचून, वरून पाणी ओघळून जाईल अशी उतरती गंजी घातली जाई. वैरण कोणत्या शेतातली, कापणीनंतर पावसात किती भिजली, गंजीच्या कोणत्या बाजूला ओल शिरली, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. पेंढी सोडताना कुबट वास आला की ती बाजूला पडे. वैरणीची पारख करणारे डोळे आणि नाक मालकाचेच होते.

५/
धान्यासाठी पेव असे. जमिनीत खोल खड्डा घेऊन, आत काडाचा थर देऊन, तोंड मातीने बंद केले जाई. आत कोंडलेले धान्य स्वतःच्या श्वसनाने प्राणवायू संपवी आणि कर्बवायू वाढे. त्यामुळे कीड मरे आणि बुरशीची वाढ खुंटे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेला माणूस गुदमरून मरू शके, तेही याच कारणाने. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे याच तत्त्वावर चालत. मात्र पेवाला एक दोष होता. भिंतीलगतच्या थराला जमिनीची ओल लागे आणि तिथले धान्य काळवंडे.

६/
हे काळवंडलेले धान्य टाकून दिले जात नसे. ते जनावरांपुढे जाई. माणसाच्या ताटाला जे योग्य नाही ते गव्हाणीत चालते, ही समजूत केवळ कंजूषपणातून आलेली नव्हती. दुष्काळ पाहिलेल्या मुलखात अन्नाचा कण वाया घालवणे पाप मानले जाई. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट बरेच काही पचवते, हाही अनुभव होता. शिवाय प्रमाण थोडे असे, रोजचे नसे, आणि त्या जनावराचे दूध बहुधा घरातच संपे. त्यामुळे झालेली हानी कोणाच्या नजरेत भरत नसे. विसाव्या शतकात या तिन्ही गोष्टी बदलल्या: प्रमाण वाढले, खाणे रोजचे झाले आणि दूध दूरच्या शहरात जाऊ लागले.

७/
या बदलाची सुरुवात भुईमुगापासून झाली. दक्षिण अमेरिकेत जन्मलेले हे पीक एकोणिसाव्या शतकात साताऱ्याच्या हलक्या व मध्यम जमिनीत चांगलेच रुजले होते. पुणे-मिरज लोहमार्ग आला आणि शेंगेला दूरची बाजारपेठ मिळाली. पुढे कराडच्या नावाने ‘कराड ४-११’ ही पसरट वाढणारी जात प्रसिद्ध झाली. आजही जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी ते नाव असते. सांगलीची बाजारपेठ हळद आणि गुळाबरोबर शेंगेसाठीही ओळखली जाऊ लागली. शेंगेतून तेल निघे आणि तेल काढल्यावर उरे ती पेंड. बैलाच्या कष्टासाठी आणि म्हशीच्या दुधासाठी तिच्यासारखा दुसरा खुराक नव्हता.

८/
तेलघाण्याच्या काळात तेली गावातलाच असे. शेंगा ज्याच्या त्याच्या, पेंडही बहुधा त्याच घरी परत जाणारी. घाण्याची पेंड ताजी असे, तिच्यात तेलाचा अंश पुष्कळ राही आणि ती थोडक्या दिवसांत संपून जाई. मग यंत्रावर चालणाऱ्या तेलगिरण्या आल्या, त्यानंतर रसायनाच्या साहाय्याने उरलेसुरले तेल काढणारे कारखाने आले. आता शेकडो शेतांतल्या शेंगा एकाच ढिगात मिसळू लागल्या. पेंड पोत्यांत भरून महिनोन्‌महिने गोदामात राहू लागली. एका शेतातला बुरसटलेला माल आता एका गोठ्यापुरता मर्यादित राहिला नाही.

९/
तेल गाळण्याच्या क्रियेत आणखी एक गोष्ट घडते. बुरशीचे हे विष तेलात फारसे उतरत नाही. त्याचा मोठा हिस्सा पेंडीतच राहतो. तेलात जे थोडे जाते, तेही क्षाराच्या साहाय्याने होणाऱ्या शुद्धीकरणात निघून जाते. म्हणजे दाण्यातून तेल निघून वजन घटते आणि विष मात्र उरलेल्या चोथ्यात एकवटते. शहरातील ग्राहकाच्या डब्यात शुद्ध तेल जाते आणि गोठ्यात मूळ दाण्यापेक्षा अधिक विषारी पेंड येते. यात कोणाचे कारस्थान नव्हते. तेलगिरणीच्या रचनेतच ही वाटणी होती आणि १९६० पर्यंत जगात कोणालाही तिची कल्पना नव्हती.

१०/
विषाचा उलगडा इंग्लंडमध्ये १९६१ पासून होत गेला. दूषित पेंडीत ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही पिवळसर हिरवी बुरशी सापडली. ॲस्परजिलस हे नाव १७२९ मध्ये इटलीतील धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी दिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आकार त्यांना चर्चमध्ये तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा वाटला. या बुरशीच्या नावातली अक्षरे घेऊन विषाचे नाव ‘अफ्लाटॉक्सिन’ पडले. अतिनील प्रकाशात त्याचे काही प्रकार निळे चमकत, काही हिरवे. इंग्रजीतील त्या रंगांच्या आद्याक्षरांवरून त्यांना बी आणि जी अशी नावे मिळाली. त्यांतले बी-१ सर्वांत घातक.

११/
या संशोधनातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग दुधाचा होता. ऑलक्रॉफ्ट आणि कार्नाघन या संशोधकांनी दूषित पेंड गाईंना खाऊ घातली. गाई टर्कीच्या पिल्लांसारख्या पटापट मेल्या नाहीत. परंतु त्यांच्या दुधातील अर्क बदकाच्या पिल्लांना दिला, तेव्हा पिल्लांच्या यकृतावर तशाच खुणा उमटल्या. गाईचे यकृत बी-१ चे रूपांतर दुसऱ्या एका विषात करते आणि ते दुधात उतरते. दुधात सापडले म्हणून त्याला एम-१ म्हणतात. दूध तापवल्याने ते नष्ट होत नाही, पाश्चरीकरणानेही नाही. गव्हाणीत टाकलेले विष पेल्यातून माणसाकडे परत येते, हे १९६३ पर्यंत स्पष्ट झाले होते.

१२/
भारतात इशारा लवकरच मिळाला. १९६६ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात भुईमुगाच्या पेंडीमुळे कोंबडीची पिल्ले दगावल्याची नोंद झाली. परंतु देश हादरला तो १९७४ च्या अखेरीस. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांतील दीडशेहून अधिक खेड्यांत कावीळ आणि जलोदराची साथ पसरली. अवेळी पावसाने भिजलेला, घरात नीट न वाळलेला मका लोकांनी खाल्ला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ३९७ रुग्णांची आणि १०६ मृत्यूंची नोंद केली. घरातले तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली होती.

१३/
आता सातारा-सांगलीच्या दोन टोकांकडे परत येऊ. भुईमुगाची शेंग जमिनीत पोसते आणि ही बुरशीही जमिनीतच राहते. दाणा भरण्याच्या काळात पावसाने ओढ दिली, जमीन तापली, की झाडाची प्रतिकारशक्ती घटते, शेंगेचे टरफल तडकते आणि बुरशी आत शिरते. जत-आटपाडीसारख्या कोरड्या भागात हा धोका शेतातच सुरू होतो. पश्चिमेकडे दुसरी अडचण. काढणीच्या ऐन वेळी परतीचा पाऊस गाठतो आणि ओल्या शेंगा ढिगात तापतात. केवळ ओल म्हणजे बुरशी, ही समजूत अर्धीच खरी आहे. दुष्काळातल्या कोरड्या, टणटणीत शेंगेतही विष असू शकते.

१४/
याच सुमारास या मुलखात दुधाचे अर्थकारण उभे राहत होते. १९३९ मध्ये भिलवडी येथे भास्कर गणेश चितळे यांनी दुग्धव्यवसाय सुरू केला. पुण्या-मुंबईकडे जाणारा लोहमार्ग जवळ असणे त्याला उपयोगी पडले. १९४९ मध्ये मुंबईत आरे वसाहत उभी राहिली. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ची स्थापना केली आणि संकरित गाई खेडोपाडी पोहोचल्या. १९७० मध्ये ‘दूध महापूर’ योजना सुरू झाली. गावोगावी सहकारी दूध संस्था निघाल्या. खिलार गाय मुख्यतः बैलासाठी पाळली जाई; संकरित गाय दुधासाठीच आली आणि तिला कडब्यावर ठेवणे शक्य नव्हते.

१५/
अधिक दुधासाठी अधिक खुराक हवा. घरची आंबोण पुरेना, तेव्हा पोत्यातले पशुखाद्य आले. पेंड, कोंडा, चुनी, मका, मळी आणि क्षार एकत्र दळून, दाबून केलेल्या कांड्यांना लोक ‘गोळी पेंड’ म्हणू लागले. तिने दूध वाढवले, लहान शेतकऱ्याच्या हाती दर दहा दिवसांनी रोख पैसा आणला, अनेक घरांतली मुले त्या पैशावर शिकली. तिचे हे श्रेय नाकारता येत नाही. परंतु दळून, तापवून, गुळचट वास देऊन केलेल्या गोळीत मूळ पेंड कशी होती हे ओळखणे अशक्य झाले. गंजी सोडताना कामी येणारे नाक येथे निरुपयोगी ठरले.

१६/
ज्वारीतही असाच बदल घडला. जुन्या उंच देशी जातींचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असे. पाऊस सरल्यावरच त्यांची कणसे भरत. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा संकरित वाण आला. तो बुटका, लवकर तयार होणारा आणि भरघोस उत्पन्न देणारा होता. टंचाईच्या काळात त्याने पोटे भरली. परंतु लवकर पिकल्यामुळे त्याचे कणीस पावसातच सापडे आणि दाण्यावर काळी, गुलाबी बुरशी चढे. कोरड्या हवेत पिकणाऱ्या रब्बीच्या मालदांडीला हा त्रास नव्हता. खरिपाच्या काळ्या ज्वारीला बाजारात भाव मिळेना. माणसाने नाकारलेले हे धान्य पुन्हा कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्याकडे वळले.

१७/
ज्वारी-मक्यावरची बुरशी अनेकदा वेगळ्या कुळातली असते. ‘फ्युजेरियम’ असे तिचे नाव, आणि ‘फ्युमोनिसिन’ हे तिचे एक विष. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाल्ल्यानंतर लोकांना पोटदुखी व जुलाबाचा त्रास झाला. रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग या विषापर्यंत काढला. भिजलेल्या धान्याची भाकरी करणारे हे लोक गरीब होते; ज्यांच्या घरी चांगली ज्वारी शिल्लक होती, त्यांच्यावर ती वेळ आली नाही. अन्न टाकून देण्याचा सल्ला कोणाला परवडतो, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटून आहे.

१८/
कोंबडीपालनाचा धक्का अधिक थेट असतो, कारण पक्ष्यांना हे विष गाईम्हशींपेक्षा फार कमी मात्रेत बाधते. सांगली जिल्ह्यात विटा-खानापूर भागात हा व्यवसाय वाढला आणि मका हा त्याचा आधार बनला. मक्यात विष असले की पक्षी खातात पण वजन धरत नाहीत, अंडी घटतात, यकृत पिवळट पडते. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे प्रतिकारशक्ती ढासळते. मग मानमोडीची लस वेळेवर टोचूनही पक्षी मानमोडीने मरतात. मालक लसीला दोष देतो, लस देणारा हवामानाला. मक्याच्या पोत्याकडे शेवटी लक्ष जाते, आणि तोवर ते पोते संपलेले असते.

१९/
गाईम्हशींत तर मृत्यूही क्वचित. दूध अर्धा-एक लिटरने कमी होते. जनावर वैरण शिवत नाही, अंग धरत नाही. कासदाह पुन्हा पुन्हा होतो. गाय माजावर येत नाही, आली तर उलटते. यातले प्रत्येक लक्षण दुसऱ्या दहा कारणांनीही दिसते, म्हणून विषाचे नाव क्वचितच पुढे येते. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाने पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तरीही गावातल्या डॉक्टरपुढे आजारी जनावर येते, खाद्याचा नमुना येत नाही. दोन संकरित गाईंवर घर चालवणाऱ्या कुटुंबाला हा रोजचा अर्धा लिटर परवडत नाही. पण तो कुठे गेला हे त्याला कोणी सांगू शकत नाही.

२०/
दुधाचे गणित मात्र मांडता येते. समजा, गाय रोज ५ किलो खुराक खाते आणि १० लिटर दूध देते. खाल्लेल्या बी-१ पैकी साधारण १ ते २ टक्के विष एम-१ होऊन दुधात उतरते. जास्त दूध देणाऱ्या गाईत ते ६ टक्क्यांपर्यंतही जाते. किलोमागे १०० मायक्रोग्रॅम विष असलेली पेंड दिली, तर पोटात ५०० मायक्रोग्रॅम जाते. त्याचे २ टक्के म्हणजे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरमागे १ मायक्रोग्रॅम. भारतातील मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हे दूध मर्यादेच्या दुप्पट दूषित, आणि दिसायला, चवीला, फॅटला अगदी उत्तम.

२१/
भारतीय मानक ब्युरोच्या पशुखाद्य मानकात बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. त्याच गाईच्या हिशेबाने असे खाद्य ०.२ मायक्रोग्रॅम देते, म्हणजे दूध भारतीय मर्यादेत बसते. युरोपने दुधासाठी ०.०५ ही मर्यादा ठरवली आणि दुभत्या जनावरांच्या खाद्यासाठी ५. हिशेब करून पाहिला तर दोन्ही आकडे नेमके जुळतात. मर्यादा अशा गोठ्यातून दुधाकडे मोजत ठरतात. अडचण एवढीच, की भारतात हे खाद्य मानक दीर्घकाळ ऐच्छिक राहिले. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि डिग्री रोज मोजली गेली. गोणीतले विष मोजणारे गावात कोणी नव्हते.

२२/
२०१८ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले. लोकांच्या मनातली भीती युरियाची आणि साबणाच्या चुऱ्याची होती. तशी भेसळ अत्यल्प नमुन्यांत निघाली. परंतु ३६८ नमुन्यांत, म्हणजे सुमारे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेपेक्षा अधिक आढळले. सर्वाधिक नमुने तमिळनाडू, दिल्ली आणि केरळ येथील होते. हे विष कोणी भेसळखोर ओतत नाही. ते चाऱ्या-खाद्यातून येते, हे या पाहणीने अधिकृतपणे नोंदवले. त्यानंतर पशुखाद्याला मानक बंधनकारक करण्याच्या हालचालींना वेग आला. टर्कीची पिल्ले मरून तेव्हा जवळपास ६० वर्षे झाली होती.

२३/
दरम्यान कृष्णेने आपले काम चालू ठेवले. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि साठवणीची ती परंपरा खचली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. १९२९ पासून उभ्या असलेल्या या पुलाने पाहिलेल्या मोठ्या पुरांपैकी तो एक. पूर ओसरल्यावर दावणीला उरलेल्या जनावरांपुढे भिजलेला कडबा आणि ओली पोती होती. अशा वेळी ‘बुरशीची वैरण घालू नका’ हे सांगणे सोपे असते. पर्यायी वैरण वेळेवर पोहोचली, तरच त्या सल्ल्याला अर्थ राहतो. पुरानंतरच्या मदतीत चाऱ्याची गाडी ही म्हणून औषधाइतकीच निकडीची असते.

२४/
उपाय कोणते? बहुतेक जुनेच आहेत. शेंगा उलट्या करून उन्हात ८-९ टक्के ओलीपर्यंत वाळवणे, धान्य साधारण १२ टक्क्यांपर्यंत. फुटक्या व सुरकुतलेल्या शेंगा निवडून काढणे. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचणे. जुना माल आधी संपवणे. पावसाळ्यात महिन्याचे खाद्य एकदम न भरणे. मुरघास करताना कुट्टी घट्ट दाबून हवा काढणे, पिशवी फाटू न देणे आणि वरचा बुरसटलेला थर चांगल्यात न मिसळता टाकून देणे. मुरघासाचे तत्त्व पेवाचेच आहे: हवा कोंडली की बुरशी थांबते. मात्र तयार झालेले विष उन्हाने, उकळण्याने वा बुरशी झटकल्याने जात नाही.

२५/
विष आधीच आत आले असेल तर? १९८० च्या दशकात अमेरिकेत टेक्सास येथे टिमोथी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की काही विशिष्ट चिकणमाती जनावराच्या आतड्यात अफ्लाटॉक्सिनला आपल्या थरांत धरून ठेवते आणि ते शेणावाटे बाहेर जाते. आज दुकानांत ‘टॉक्सिन बाइंडर’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पुड्यांमागे हेच तत्त्व आहे. परंतु ही माती सर्व विषांना सारखी धरत नाही. फ्युजेरियमच्या विषांवर तिचा प्रभाव तोकडा पडतो. पुडी टाकली म्हणून काळी पेंड चालते, असा अर्थ काढला की गव्हाणीतली जुनी समजूत नव्या वेष्टनात परत येते.

२६/
गाईच्या शरीराची एक गोष्ट मात्र आशादायक आहे. दूषित खुराक सुरू झाला की एका दिवसात विष दुधात दिसते; तो थांबवला की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. म्हणजे वेळीच नमुना तपासला गेला तर चूक दुरुस्त करता येते. त्यासाठी तपासणीची पट्टी दूध संस्थेपर्यंत, आणि नाकारलेल्या पोत्याची भरपाई शेतकऱ्यापर्यंत पोहोचावी लागते. पेंडीचे एक खराब पोते म्हणजे लहान गोठ्याची अनेक दिवसांची कमाई. ते फेकण्याचा तोटा एकट्या मालकाने सोसायचा असेल, तर तो ते थोडे थोडे करून जनावरांपुढे ठेवील. त्याच्या आजोबांनी पेवाच्या कडेची ज्वारी ठेवली होती, तशीच.